धाकटी पाती

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखालून आधी थोरल्या वाड्याचा बैल जातो, मग आमचा. आपला बैल दांडगा असून मागे का, असं मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. "आपण धाकटी पाती," एवढंच ते म्हणाले.

पाती म्हणजे घराण्याची शाखा. इंग्रजीत धाकट्या शाखेला 'कॅडेट ब्रँच' म्हणतात. हा कॅडेट एनसीसीतलाच. फ्रान्समधल्या गॅस्कनी प्रांताच्या बोलीत या शब्दाचा अर्थ होता छोटा नायक. तिथल्या सरदारांची धाकटी मुलं राजाच्या फौजेत नायक व्हायची, म्हणून तोच शब्द धाकट्या मुलालाही लागला आणि शिकाऊ अधिकाऱ्यालाही. इंग्लंडमध्ये तर धाकटेपण ढालीवर रंगवत. दुसऱ्या मुलाने बापाच्या कुलचिन्हावर चंद्रकोर काढायची, तिसऱ्याने तारा, चौथ्याने पाय नसलेला पक्षी. टेकायला जमीन नाही, असा त्या पक्ष्याचा अर्थ लावतात.

आपल्याकडे खूण ढालीवर नव्हती, क्रमात होती. पाटीलकीचे वाटे भावांत पडत, पण वडीलकीचा मान वाटता येत नसे. पोळ्याचा बैल, होळीची पोळी, कागदावरची नांगराची निशाणी यांत आधी कोण, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले.

हा प्रकार फक्त गावकीत नव्हता, राज्यांतही होता. माळव्यात तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी देवास घेतलं आणि एकाच गावात दोन राज्यं झाली: थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रजांनी त्यांना सीनियर-ज्युनियर म्हटलं. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा सचिव होता. देवासच्या टेकडीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता.

पण धाकटी पाती म्हणजे नुसता मागचा नंबर नव्हे. ती घराण्याची शिल्लक असते. भोसल्यांचंच बघा. संभाजीराजांचे पुत्र शाहू साताऱ्याला, धाकट्या राजारामांचा वंश कोल्हापूरला. १७३१ च्या वारणेच्या तहाने हद्दी ठरल्या. १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले, तेव्हा साताऱ्याच्या गादीवर रामराजा आला, तो राजारामांचा पणतू म्हणून नव्हे, नातवाच्या नात्याने; म्हणजे धाकट्या पातीतूनच. (पुढे ताराबाईंनीच तो आपला नातू नाही म्हणून सांगितलं, ती भानगड वेगळी.) १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारा खालसा केलं. कोल्हापूर संस्थान १९४९ पर्यंत टिकलं.

आमच्या थोरल्या वाड्याला आता कुलूप आहे. मंडळी पुण्यात, गोठा रिकामा. गेल्या पोळ्याला मला वाटलं, यंदा आपला बैल पहिला. चुलत्यांनी आमच्याच जोडीतला उजवा बैल थोरल्यांच्या नावाने सजवून पुढे काढला आणि डावा आमच्या नावाने मागे.