ययाति नावाचं घराणं

जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन ‘ययाति आहे का?’ एवढंच विचारलं, तर दुकानदार लेखकाचं नाव विचारायच्या भानगडीत पडत नाही. खांडेकरांची कादंबरी काढून समोर ठेवतो. मराठीत हे नाव खांडेकरांच्या इतकं मालकीचं झालं आहे की याच नावाचं दुसरं काही असेल, असं सहसा कोणाच्या मनात येत नाही. आहे मात्र बरंच. १९५९ ते १९६६ या सात वर्षांतच तीन लेखकांनी या राजाला हात घातला. वि. स. खांडेकरांनी कादंबरी लिहिली, गिरीश कर्नाडांनी कन्नड नाटक आणि वि. वा. शिरवाडकरांनी मराठी संगीत नाटक. पुढे तिघांनाही ज्ञानपीठ मिळालं: खांडेकरांना १९७४ साली, शिरवाडकरांना १९८७ साली, कर्नाडांना १९९८ साली. खांडेकरांचं तर ‘ययाति’साठीच, कारण त्या काळी ज्ञानपीठ एखाद्या विशिष्ट कृतीला दिलं जाई. एकूण कामगिरीला देण्याची पद्धत नंतरची.

कथा बहुतेकांना ठाऊक असते. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी राणी, दैत्यराजाची मुलगी शर्मिष्ठा तिची दासी. राजाने शर्मिष्ठेशी चोरून संसार मांडला आणि सासऱ्याच्या शापाने ऐन उमेदीत म्हातारपण ओढवून घेतलं. ते कोणीतरी घेतलं तर तारुण्य परत मिळेल, एवढा उःशाप. पाच मुलांपैकी चौघांनी नकार दिला, धाकट्या पुरूने होकार. या कथानकात फिर्याद करायला जागा असलेली माणसं बरीच आहेत. फसवलेली राणी, लपवलेली दासी, लुटलेला मुलगा, शिवाय वासनेने पोळलेला राजा स्वतः. नाव तेच ठेवून प्रत्येक पुस्तकाने यांतला वेगळा माणूस बोलायला उभा केला. या नावाच्या पुस्तकांचा इतिहास म्हणजे मुख्यतः हाच बदल.

नाव फार जुनं आहे. ऋग्वेदात ययाती भेटतो तो नहुषाचा मुलगा म्हणून, जुन्या यज्ञकर्त्यांच्या रांगेत. देवयानी नाही, शर्मिष्ठा नाही, म्हातारपण नाही. यदू, तुर्वश, द्रुह्यू, अनू, पुरू ही नावंही ऋग्वेदात आहेत, पण तिथे ती टोळ्यांची नावं आहेत आणि ययातीशी त्यांचं बापलेकाचं नातं कोणी सांगत नाही. ते नंतर कधीतरी जुळलं. पाच टोळ्यांना एक बाप मिळाला, आणि धाकट्याच्या वंशाकडे राज्य का गेलं याचं कारणही लोकांना हवं होतं. ते कारण म्हणजे ही गोष्ट, असं मला वाटतं.

महाभारतातल्या आदिपर्वात ती सविस्तर येते, पण त्याआधीही ती स्वतंत्रपणे सांगितली जात असावी. इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातला वैयाकरण पतंजली महाभाष्यात आख्यानं शिकणाऱ्यांची नावं कशी बनतात याची उदाहरणं देतो. त्यांत ‘यायातिक’ आहे, म्हणजे ययातीचं आख्यान जाणणारा. व्याकरणाच्या वर्गात उदाहरण म्हणून फेकावं इतकं ते नाव परिचित होतं.

आदिपर्वातली कथा वासनेवरचं प्रवचन म्हणून वाचायची आपल्याला सवय लागली आहे. मूळ मजकूर वारसाहक्काच्या भांडणासारखा वाचला जातो. नकार देणाऱ्या प्रत्येक मुलाला वेगळा शाप आहे आणि ते शाप विलक्षण नेमके आहेत. यदूच्या वंशजांना राज्य मिळणार नाही. तुर्वसू आचारविचार सोडलेल्या लोकांवर राज्य करील. द्रुह्यू अशा मुलखात जाईल जिथे घोडा-रथ चालत नाही, होडीशिवाय गती नाही. अनूची मुलं तरुणपणीच मरतील. हजार वर्षं उपभोग घेऊन राजा पुरूला तारुण्य परत करतो, त्याला गादीवर बसवायला निघतो, तेव्हा प्रजा अडवते. थोरला यदू असताना धाकट्याला राज्य कसं? राजाचं उत्तर असं की बापाचं न ऐकणारा तो मुलगाच नव्हे. प्रजा मान डोलावते. खुद्द पुरूला काय वाटलं, हे मात्र व्यास कुठेच विचारत नाहीत. त्याच्या तोंडी होकार आहे, बाकी काही नाही. (यदूचे वंशज म्हणवणाऱ्यांनी पुढे देवगिरीला राज्य केलं आणि हेमाद्रीने त्यांची वंशावळ थेट पुराणांपर्यंत नेली. शाप आड आला नाही.)

उपभोगाने वासना शमत नाही, तूप ओतल्यावर अग्नी वाढावा तशी ती वाढतेच, या अर्थाचा राजाच्या तोंडचा श्लोक प्रसिद्ध आहे. तोच श्लोक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही आहे, आणि तिथे ययातीचा काही संबंध नाही. बहुधा तो लोकांच्या तोंडी असलेला सुटा श्लोक होता. तो राजाला चिकटला आणि कथेचा रोख वारशाकडून वैराग्याकडे वळला.

भागवताच्या नवव्या स्कंधाने हा रोख पक्का केला, आणि तोही मोठ्या मिश्किलपणे. तिथे उपरती झालेला राजा देवयानीला एक बोकडाची गोष्ट सांगतो. रानात फिरणाऱ्या एका बोकडाला विहिरीत पडलेली शेळी दिसते. तो शिंगांनी काठ उकरून वाट करतो, तिला वर काढतो. ती त्याच्यावर भाळते, मग इतर शेळ्याही भाळतात. बोकड रमतो. विहिरीतल्या शेळीला त्याचं दुसरीकडे रमणं सहन होत नाही, ती रागाने मालकाकडे निघून जाते. मालक ब्राह्मण. तो संतापून बोकडाचे वृषण कापून टाकतो, आणि मग शेळीचं हित बघून, उपाय जाणत असल्याने, परत जोडूनही देतो. बोकड पुन्हा तेच सुरू करतो. हे सांगून राजा म्हणतो, तो बोकड मी. देवयानीला विहिरीतून हात देऊन वर काढणारा ययाती, शाप देणारे आणि उःशाप देणारे शुक्राचार्य, सगळे या चार-दोन श्लोकांत कातडी पांघरून उभे आहेत. बायकोला स्वतःच्या लंपटपणाची कबुली द्यायची तर याहून बोचरं रूपक सापडणं कठीण. मराठीत खांडेकरांपासून पुढे सगळ्यांनी ययातीला गंभीर करून टाकलं. भागवतकारांनी त्याला निदान एकदा स्वतःवर हसू दिलं.

पद्मपुराणाच्या भूमिखंडात सगळंच उलटं आहे. तिथे ययाती विष्णुभक्त आहे आणि त्याच्या राज्यात कोणी मरेनासं झालं आहे. घाबरलेला इंद्र कामदेवाला पुढे करतो, राजा म्हातारा होतो आणि रतीच्या अश्रूतून जन्मलेल्या अश्रुबिंदुमतीसाठी त्याला तारुण्य हवंसं होतं. पुरू इथेही होकार देतो, कारण या भागाला बाप हेच तीर्थ, हा महिमा सांगायचा आहे.

मग ही कथा मुक्तेश्वर-मोरोपंतांच्या मराठी भारतांतून कीर्तनात आली, आणि आधुनिक काळात तिला छापील पुस्तक मिळालं तेव्हा मुखपृष्ठावरून ययाती गायबच होता. १८५९ साली मायकेल मधुसूदन दत्तांनी बंगालीत नाटक लिहिलं, त्याचं नाव ‘शर्मिष्ठा’. ते बेलगाछियाच्या रंगमंचावर झालं. पाश्चात्त्य घडणीचं पहिलं स्वतंत्र बंगाली नाटक म्हणून त्याचा उल्लेख होतो. रवींद्रनाथांनी ‘बिदाय अभिशाप’मध्ये शुक्राचार्यांचा शिष्य कच आणि देवयानी यांच्या निरोपाचा प्रसंग घेतला. आपल्याकडे १९१३ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’मध्येही कच-देवयानीच आहेत आणि खरा रोख शुक्राचार्यांच्या मद्यपानावर आहे. या शेवटच्या दोघांनी तर म्हाताऱ्या होणाऱ्या राजाला बाजूलाच ठेवलं. प्रेमकथा हवी असेल तर हा माणूस अडचणीचाच.

१९५९ मध्ये तो परत आला. खांडेकर तेव्हा एकसष्टीचे होते. शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षं मास्तरकी करून कोल्हापूरला आलेले, ध्येयवादी नायकांवर एक पिढी पोसलेले. स्वातंत्र्य मिळालं होतं आणि ध्येयवाद भराभर विरत होता, हे त्यांना टोचत होतं. त्यांनी राजाला आजच्या सुखलोलुप माणसाचा प्रतिनिधी केलं आणि कादंबरीची प्रकरणं पात्रांच्या तोंडी दिली: ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. महाभारतात कच शापाशाप झाल्यावर स्वर्गात परततो, पुन्हा दिसत नाही. खांडेकरांनी त्याला संयमाचा आदर्श म्हणून शेवटपर्यंत ठेवलं. ययातीचा थोरला भाऊ यती महाभारतात नावापुरताच आहे. कादंबरीत तो शरीराचा द्वेष करणारा तापस झाला. एका टोकाला यती, दुसऱ्या टोकाला ययाती, मधे कच, अशी ही मांडणी.

मला कच नेहमीच थोडा जड गेला. तो दिसला की कादंबरीत प्रार्थनेची घंटा वाजते. पण ययातीच्या तोंडची पानं आजही वाचवतात, कारण तिथे आरोपीच साक्ष देतो आहे आणि तो हुशार आहे. प्रत्येक घसरणीला त्याच्याकडे देखणं कारण असतं. खांडेकरांच्या आलंकारिक भाषेवर टीका करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं नाही की स्वतःला फसवणाऱ्या माणसाला अशीच भाषा शोभते.

कर्नाडांचं नाटक १९६१ साली धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने छापलं. लेखक बाविशी-तेविशीतला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला निघालेला. इंग्रजी कवी व्हायचं मनात होतं, पण राजाजींचं महाभारत वाचताना पात्रं कन्नडमध्ये बोलू लागली, असं त्यांनी पुढे सांगितलं. घर सोडून परदेशी निघालेल्या मुलावर आईबापांच्या अपेक्षांचं ओझं होतं आणि ते नाटकात उतरलं, हेही त्यांनी लपवलं नाही. एकसष्ट वर्षांच्या लेखकाने बापाची व्यथा लिहिली, तेवीस वर्षांच्याने मुलाची. दोन वर्षांच्या अंतराने, शेजारच्या दोन भाषांत, एकाच नावाने.

पण कर्नाडांचं खरं धाडस पुरू नव्हे, चित्रलेखा. ही पुरूची नवी नवरी कुठल्याच पुराणात नाही. पुरू तिला घेऊन घरी येतो त्याच रात्री बापाचं म्हातारपण स्वीकारतो. नवऱ्याचा सुरकुतलेला चेहरा बघून ती किंचाळते आणि त्याला खोलीबाहेर काढते. सासरा तिला समजवायला येतो: कुळाचा मान, सुनेचं कर्तव्य. ती शांतपणे हिशेब मांडते. मी लग्न केलं ते पुरूच्या तारुण्याशी. ते आता तुमच्याकडे आहे. तर मग तुम्हीच माझा स्वीकार करा. ययातीला बोलता येत नाही. चित्रलेखा विष घेते. त्यानंतर राजाचे डोळे उघडतात आणि तो तारुण्य परत करतो. हजार वर्षांचा भोग एका रात्रीत आटपतो, कारण इथे बिल चुकवणारी बाई समोर उभी आहे. सार्त्र-आनुईच्या वाचनाचे ठसे या नाटकावर आहेत, काही संवाद तरुण वयाला शोभतील इतके घोटीव आहेत. पण दोन हजार वर्षांत कोणाला न सुचलेला प्रश्न या पोराने विचारला. मुंबईत सत्यदेव दुबेंनी ते हिंदीत केलं. कर्नाडांनी स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद यायला मात्र २००८ उजाडलं.

शिरवाडकरांनी १९६६ मध्ये नावातच फोड केली: ‘ययाति आणि देवयानी’. गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगमंचावर आणलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. नाटक म्हणून आज ते फारसं होत नाही. पदं मात्र नाट्यगीतांच्या प्रत्येक मैफलीत असतात, रामदास कामतांनी गायलेली तर विशेष. पद ऐकून डोलणाऱ्यांपैकी किती जणांना ते या कथेतलं आहे हे ठाऊक असतं, देव जाणे. एखाद्या नावाच्या वाट्याला असंही चिरंजीवित्व येतं.

या तिघांनीही ययातीच्या मुलीकडे पाहिलेलं नाही. महाभारतातच, उद्योगपर्वात, नारद दुर्योधनाला तिची हकीकत सांगतात. गुरुदक्षिणेसाठी एक कान काळा असलेले आठशे शुभ्र घोडे शोधणारा गालव ययातीकडे येतो. राजाकडे घोडे नाहीत, तो मुलगी देतो. माधवी. गालव तिला घेऊन अयोध्येचा हर्यश्व, काशीचा दिवोदास, भोजांचा उशीनर यांच्याकडे फिरतो. प्रत्येकी दोनशे घोडे आणि एकेक मुलगा. उरलेल्या दोनशेंच्या बदल्यात खुद्द गुरू विश्वामित्र तिला ठेवून घेतात. तिला वर असा की दर प्रसूतीनंतर ती पुन्हा कुमारी होते. शेवटी बाप स्वयंवर मांडतो, तेव्हा ती जमलेल्या सगळ्यांना ओलांडून अरण्याला वरते आणि हरिणांसारखी राहते.

भीष्म साहनींनी हिंदीत यावर ‘माधवी’ हे नाटक लिहिलं, १९८४ मध्ये. त्यांची माधवी शेवटी आपला वर वापरत नाही. तारुण्य परत मिळवायची सोय असूनही ती थकलेल्या शरीरानेच गालवासमोर येते, आणि तिच्यावर प्रेम करणारा गालव मागे सरतो. मुलाचं तारुण्य मागून घेणाऱ्या राजाच्या पोटी ही मुलगी. मुखपृष्ठावर नाव माधवीचं असलं, तरी या घराण्यातलं हे पुस्तक कर्नाडांच्या ‘ययाति’शेजारी ठेवून वाचायला हवं.

नारदांची हकीकत मात्र पुढेही जाते. स्वर्गात गेलेला ययाती गर्वापायी खाली फेकला जातो आणि यज्ञ करत बसलेल्या चार राजांमध्ये येऊन पडतो. वसुमना, प्रतर्दन, शिबी, अष्टक. त्या घोड्यांच्या सौद्यात झालेली माधवीची हीच चार मुलं. ती आपापलं पुण्य आजोबांना देऊ करतात. माधवीही रानातून येते आणि आपल्या पुण्याचा अर्धा वाटा देते. तेवढ्या बळावर राजा परत वर चढतो. पुरूचं नाव या प्रसंगात नाही.