भविष्यवाणीचें गणित

चित्राचा अर्थ लावणें निराळें आणि चित्रांतून तारीख काढणें निराळें. हा भेद विसरल्यानें काय घडतें ह्याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या धार्मिक इतिहासांत आहे. तें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत अंतकाळाविषयीं जीं भाकितें आहेत, तीं बहुतेक रूपकांच्या भाषेंत आहेत. दानीएलाचें पुस्तक आणि प्रकटीकरण हे दोन ग्रंथ त्यांत मुख्य होत. दानीएलाच्या आठव्या अध्यायांत दोन शिंगांचा एडका व पश्चिमेकडून धांवून आलेला बोकड ह्यांचें युद्ध वर्णिलें आहे. एडका म्हणजे मेदी व पारसी राज्य आणि बोकड म्हणजे ग्रीकांचें राज्य, हा अर्थ त्याच अध्यायांत देवदूत सांगतो. पुढें एक लहान शिंग उगवतें, तें पवित्रस्थान भ्रष्ट करतें, आणि दोन हजार तीनशें दिवसांनंतर त्या स्थानाची शुद्धि होईल असें सांगितलें आहे. हें शिंग कोणाचें, हें मात्र नांव घेऊन सांगितलेलें नाहीं. वादाचें मूळ येथेंच आहे.

आधुनिक पंडितांपैकीं बहुतेकांच्या मतें तें शिंग म्हणजे सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस होय. त्यानें ख्रिस्तपूर्व १६७ मध्यें यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें, ख्रि. पू. १६४ मध्यें यहुद्यांनीं तें पुनः शुद्ध केलें. छळ सोसणाऱ्या लोकांस, तुमच्या दुःखाचे दिवस मोजलेले आहेत, असा धीर देणें हा त्या चित्राचा हेतु दिसतो. परंतु प्रॉटेस्टंट भाष्यकारांत दुसरीच परंपरा रूढ झाली. गणना व यहेज्केल ह्या पुस्तकांत एका दिवसाबद्दल एक वर्ष असा हिशेब विशिष्ट प्रसंगीं आला आहे. तोच नियम सर्व भविष्यांस लावून हे भाष्यकार दिवसांचीं वर्षें करीत व लहान शिंगांत रोमची सत्ता पाहत. सर आयझॅक न्यूटनसारखा गणिती ह्याच पंथाचा होता. दानीएलावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्यें छापला गेला.

विल्यम मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क संस्थानांतील लो हॅम्पटन गांवचा शेतकरी. १८१२ सालीं सुरू झालेल्या युद्धांत तो लढला होता. ईश्वर जगाच्या व्यवहारांत लक्ष घालीत नाहीं असें त्याचें तरुणपणीं मत असे. पुढें तो बॅप्टिस्ट पंथाचा भाविक झाला. १८१६ पासून दोन वर्षें त्यानें बायबल वचनावर वचन ताडून वाचलें. पारसी राजा अर्तहशश्त ह्यानें एज्रास यरुशलेमास धाडलें तें वर्ष ख्रि. पू. ४५७. तेव्हांपासून २३०० वर्षें मोजून त्यानें १८४३ हें साल काढलें. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, आणि तिची शुद्धि म्हणजे ख्रिस्ताचें पुनरागमन, असा त्याचा अर्थ. तेरा वर्षें त्यानें हें गणित पुनः पुनः तपासलें, आणि १८३१ मध्यें तो जाहीर बोलूं लागला. पुढें बोस्टनच्या जोशुआ हाइम्सनें वृत्तपत्र काढून ह्या मताचा प्रसार केला; दानीएलाचे पशू व सालें रंगविलेले तक्ते सभांतून झळकूं लागले.

मिलरनें ठरविलेली मुदत २१ मार्च १८४४ रोजीं संपली, आणि कांहींच घडलें नाहीं. मग ख्रि. पू. १ व इ. स. १ ह्यांमध्यें शून्य वर्ष नसतें, म्हणून हिशेबांत एक वर्ष वाढतें, असें ध्यानांत आलें. सॅम्युएल स्नो ह्या उपदेशकानें यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. दहा कुमारींच्या दाखल्यांतला वरही उशिरां येतो, हा त्यास मोठा आधार वाटला. कित्येकांनीं कर्जें फेडलीं, दुकानें बंद केलीं, पिकें शेतांतच ठेविलीं. तो दिवस सरला, मध्यरात्र उलटली, आणि पहांटे लोक रडत बसले. इतिहासांत ह्यास ‘महान निराशा’ म्हणतात. हे लोक पांढरे झगे घालून छपरांवर बसले होते अशी थट्टा पुष्कळ झाली. पुढील संशोधकांस तिला विश्वसनीय आधार सांपडला नाहीं.

मिलरनें आपली चूक उघडपणें कबूल केली, परंतु आशा सोडली नाहीं. त्याच्या कांहीं अनुयायांनीं तारीख खरी मानून अर्थ बदलला: पवित्रस्थान पृथ्वीवरचें नव्हे, स्वर्गांतलें. त्यांतूनच १८६३ मध्यें सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ही मंडळी संघटित झाली.

मिलरची वजाबाकी, शून्य वर्षाची बाब सोडली तर, बिनचूक होती. तो अडाणी नव्हता व लबाडही नव्हता. चूक वजाबाकीपूर्वींच्या पायरींत होती: दिवस म्हणजे वर्ष, हें आठव्या अध्यायांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. तें वाचकानें बाहेरून आणलें, आणि पुढच्या आंकड्यांच्या नेमकेपणामुळें त्या गृहीताकडे कोणी पुनः पाहिलें नाहीं. एडका व बोकड ह्यांचा अर्थ ग्रंथानें स्वतः दिला. जेथें तो थांबला तेथें वाचकानेंही थांबावयास हवें होतें. ज्या चित्रानें पीडितांस धीर द्यावयाचा, त्याच चित्रानें ह्या श्रद्धाळूंस रडविलें, ह्याचें आम्हांस हंसूं येत नाहीं, वाईट वाटतें.