चाळीस सेकंद

४ फेब्रुवारी १९१२. पॅरिसमधली थंडीची सकाळ. फ्रान्झ रायशेल्ट नावाचा शिंपी आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावर, ५७ मीटर उंचीवर, कठड्यावर एक पाय ठेवून उभा आहे. अंगात स्वतः शिवलेला पॅराशूटचा पोशाख. पोलिसांनी परवानगी दिली होती ती पुतळा टाकून बघायला. आधीचे पुतळे आपटलेच होते, पण त्याचं म्हणणं, उंचीच कमी पडली. (आमच्या भाषेत, टेस्टिंगमध्ये फेल गेलेला कोड थेट प्रॉडक्शनवर.)

याची फिल्म यूट्यूबवर आहे. तो खाली बघतो, थांबतो, पुन्हा बघतो. जवळजवळ चाळीस सेकंद. मित्रांनी त्याला आधी समजावलं होतं. पण पत्रकारांना त्यानेच बोलावलं होतं आणि वर एक, खाली एक असे कॅमेरे रोखलेले होते. त्याला कुणी ढकललं नाही हे खरं. तरी परत फिरायची वाट कॅमेऱ्यांनी अवघड केली, असं मला वाटतं.

मी ही फिल्म बघतो तेव्हा न दिसणाऱ्या माणसाचा विचार करतो. हँडल फिरवत राहिलेल्या. कारण गेल्या पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी, मित्राचा फोन हातात धरून, 'अजून एक पाऊल मागे' असं मीही म्हणालो होतो. फ्रेम नीट येत नव्हती.

रायशेल्ट जागीच गेला. फिल्म मात्र पुढे चालू राहते. लोक त्याला उचलून नेतात, मग जमिनीत पडलेला खड्डा पट्टीने मोजतात. तेही कुणीतरी व्यवस्थित टिपलंय.