लेझर आलं, मग तोफ कशाला? हजिऱ्याच्या ‘वज्र’च्या निमित्तानं समजून घेऊ

नंदुरबार, नवापूर, दोंडाईचा भागातून कामधंद्यासाठी सुरतेला जाणाऱ्यांना उधना, लिंबायत, पांडेसरा हा भाग पाठ असतो. पण शहराच्या पलीकडे, तापी समुद्राला मिळते तिथं हजिऱ्याला, लष्कराच्या तोफा तयार होतात हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसतं. लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या तिथल्या कारखान्यात ‘के-९ वज्र’ ही तोफ बनते. २० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयानं या तोफांच्या दुसऱ्या खेपेसाठी ७,६२८ कोटी ७० लाख रुपयांचा करार केला.

त्यानंतर चारच महिन्यांनी, १३ एप्रिल २०२५ ला डीआरडीओनं आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे लेझर शस्त्राची चाचणी घेतली. ३० किलोवॅटच्या किरणानं उडते ड्रोन पाडले. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला आणि प्रश्न सुरू झाला : लेझर आलं, मग तोफांवर एवढा पैसा कशाला?

प्रश्न रास्त आहे. पैसा आपल्याच करातला आहे आणि त्या शस्त्रामागे उभा राहणारा जवानही आपल्याच गावांतला आहे. म्हणून दोन्ही बाजू नीट पाहू.

‘वज्र’ म्हणजे नेमकं काय?

मूळ रचना दक्षिण कोरियाची. १५५ मिलिमीटर व्यासाची नळी, रणगाड्यासारखे पट्टे, सुमारे ५० टन वजन, १,००० अश्वशक्तीचं इंजिन आणि आत पाच जवान. गोळा कोणता वापरला त्यावर पल्ला ठरतो. तो सुमारे ४० किलोमीटरपर्यंत जातो. पहिल्या १०० तोफांचा करार २०१७ मध्ये झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत त्या लष्करात दाखल झाल्या आणि शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये हजिऱ्यातून बाहेर पडली. राजस्थानच्या वाळवंटासाठी घेतलेली ही तोफ त्याच वर्षी लडाखलाही तैनात झाली. थंडीसाठी काही बदल करावे लागले, पण काम तेच.

लेझर : फायदा मोठा, अटीही मोठ्या

लेझरचा किरण प्रकाशाच्या वेगानं जातो, त्यामुळे नेम धरला की चुकवायला वेळच नाही. एका वेळच्या माऱ्याचा खर्च म्हणजे मुख्यतः विजेचा खर्च. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र सोडण्यापेक्षा हे कधीही परवडणारं.

पण वीज आणायची कुठून? ३० किलोवॅटचा किरण बाहेर काढायला आत त्याच्या दोन-तीन पट वीज द्यावी लागते, उरलेल्याची उष्णता होते. सुरतेच्या भाषेत सांगायचं तर, यंत्रमागाची मोटर एक अश्वशक्तीची धरली तर शंभरेक माग एकदम चालवण्याइतकी वीज. जनरेटर आणि थंड ठेवण्याची यंत्रणा धरून सगळा डोलारा ट्रकवर घेऊन फिरावं लागतं. धुकं, पाऊस, धूळ, धूर आला की किरणाचा जोर कमी होतो.

शिवाय किरण सरळ रेषेतच जातो. डोंगराआड बसलेल्या शत्रूला तो गाठू शकत नाही. तोफेचा गोळा मात्र कमान घेऊन डोंगर ओलांडतो. १९९९ च्या कारगिल युद्धात बोफोर्सनं हेच काम केलं. भारतीय तोफखान्यानं त्या युद्धात अडीच लाखांहून अधिक तोफगोळे आणि रॉकेट डागले. थोडक्यात, ड्रोनसाठी लेझर कामाचं, पण तोफेचं काम ते करू शकत नाही.

अमेरिकेचे दोन महाग धडे

पहिला धडा रेलगनचा. यात दारू नसते, विजेच्या चुंबकीय जोरावर गोळा आवाजाच्या कित्येक पट वेगानं फेकला जातो. अमेरिकी नौदलानं १५ वर्षांहून अधिक काळ यावर काम केलं आणि २०२१ मध्ये ते थांबवलं. प्रचंड वीज लागायची आणि नळी लवकर झिजायची, या मोठ्या अडचणी होत्या. जपाननं मात्र २०२३ मध्ये जहाजावरून रेलगन डागून दाखवली, म्हणजे वाट बंद झालेली नाही, पण अजून लांबची आहे.

दुसरा धडा झुमवॉल्ट युद्धनौकांचा. त्यांच्यासाठी १५५ मिलिमीटरचीच, पण अत्याधुनिक तोफ बनवली. तिला खास गोळा लागायचा. ३२ जहाजांची योजना तीनवर आली, गोळ्यांची मागणी घटली आणि एका गोळ्याची किंमत सुमारे ८ लाख डॉलरवर गेली. २०१६ मध्ये गोळ्यांची खरेदीच थांबली. तोफ तयार, पण डागायला गोळा नाही.

गोळा कुठून येणार, हा खरा प्रश्न

इथं आपल्या भागाचा संबंध येतो. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकीची काडतुसं बनतात, भद्रावतीच्या चांदा आयुध निर्माणीत तोफगोळे भरले जातात. बंदूक किंवा तोफ टिकून आहे ती या साखळीमुळे. गोळे देशात बनतात, रेल्वेनं पोचतात, आणि बिघाड झाला तर दुरुस्त करणारे हात तयार आहेत. युक्रेन युद्धात दोन्ही बाजूंना गोळ्यांची टंचाई जाणवली, तेव्हा या साध्या कारखान्यांचं मोल जगाला कळलं.

तोफेचीही कमजोरी आहे

गोळा सुटला की रडार आणि ड्रोन जागा शोधतात, थोड्या वेळात उलट मारा येतो. म्हणूनच ‘वज्र’ गोळे डागून लगेच जागा बदलते. ओढून न्यायच्या जुन्या तोफेला हे इतक्या झटपट जमत नाही. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ म्हणूनही चालणार नाही.

मे २०२५ मधल्या ‘ऑपरेशन सिंदूर’वेळी याचं उत्तर दिसलं. पाकिस्तानी ड्रोन पाडण्यात मूळच्या स्वीडिश एल-७० तोफांचा वाटा होता. तोफ कित्येक दशकांपूर्वीच्या रचनेची, पण तिला नवे कॅमेरे आणि रडारची जोड दिलेली. जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आलेल्या ‘आयएनएस सुरत’ या आधुनिक युद्धनौकेवरही ब्रह्मोससोबत ७६ मिलिमीटरची तोफ आहेच.

नवं शस्त्र पाहिलं की हे पाच प्रश्न विचारा

१. वीज किंवा इंधन कुठून येणार?
२. पाऊस, धूळ, थंडीत चालेल का?
३. एका माऱ्याचा खर्च किती, आणि पाडायचं लक्ष्य किती किमतीचं?
४. गोळे आणि सुटे भाग देशात बनतात का?
५. बिघडलं तर आघाडीवरचा जवान दुरुस्त करू शकेल का?

ड्रोन पाडण्याच्या कामात लेझर या परीक्षेत हळूहळू पुढे सरकतंय. डोंगराआडच्या शत्रूसाठी मात्र आज पाचही प्रश्नांना उत्तर देते ती तोफच. त्यामुळे हजिऱ्याची तोफ आणि कर्नूलचं लेझर यांत एकच निवडायचं, असा हा हिशेबच नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.