नळदुर्गचा इंग्रज कादंबरीकार

मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’चें नांव घेण्यांत येतें. ती १८७१ सालची. तिच्याआधीं आठ वर्षें अफझलखानाच्या स्वारीवर ‘तारा’ नांवाची एक भलीमोठी इंग्रजी कादंबरी विलायतेंत निघाली होती. नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा कन्या आणि कर्ता लिव्हरपूलचा फिलिप मेडोज टेलर!

टेलरचा जन्म १८०८ चा. बापाचा व्यापार बसला, म्हणून पोराला मुंबईच्या एका पेढीवर धाडण्यांत आलें. १८२४ त तो येऊन पाहतो तों पेढीही डबघाईस आलेली. अखेर निजामाच्या फौजेंत चाकरी मिळाली. शाळेंतील शिक्षण तुटपुंजें. पण भाषा, मोजणी, कायदा, चित्रकला हें सारें त्यानें आपल्या हिंमतीवर संपादिलें. १८३९ त त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी निघाली, तेव्हां खुद्द व्हिक्टोरिया राणीनें छपाई चालूं असतांनाच फर्मे मागवून घेतले.

पुढें १८५३ पर्यंत शोरापूर संस्थानचा कारभार त्याच्या हातीं होता. तेथील बालराजा व्यंकटप्पा नायक त्यास ‘अप्पा’ म्हणे. हाच राजा १८५८ त इंग्रजांवर उठला, पकडला गेला, आणि चार वर्षांच्या कैदेसाठीं नेला जात असतां वाटेंत गोळी लागून मेला. ती त्यानें स्वतःच झाडून घेतली, असें टेलरनें लिहिलें आहे. ज्यास अंगाखांद्यावर वाढविलें, त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सरकारचा हा सेवक! त्याचें दुःख खरें होतें, तशीच त्याची राजनिष्ठाही.

नळदुर्गास तो १८५३ त आला. तुळजापूर तेथून जवळच. ‘तारे’चें बीज याच मुलखांतलें. भवानीचें देऊळ, बालाघाटचे डोंगर, घरंदाज ब्राह्मणाचें माजघर हीं चित्रें कचेरींत बसून रंगवितां येण्यासारखीं नव्हेत. मात्र नायकपद त्यानें खानाचा पुत्र फाजल यास दिलें आणि सती जाणाऱ्या तारेला त्याच्याच हातून वांचविलें. शिवाजीमहाराजांची चतुराई त्याला दिसली. त्यांची थोरवी त्याच्या लेखणीच्या आटोक्यांत आली नाहीं. पदरीं निजामाची चाकरी होती, हेंही त्याचें एक कारण असावें. ‘रॅल्फ डार्नेल’ व ‘सीता’ लिहून त्यानें १६५७, १७५७ आणि १८५७ हीं तीन शतकांचीं वळणें जोडलीं.

१८६० त तो स्वदेशीं गेला. दृष्टि अधू झाली असतांही १८७५ त पुन्हां हैदराबादेस आला. परततांना फ्रान्समध्यें १८७६ च्या मे महिन्यांत त्याचा अंत झाला. आत्मचरित्र कन्येनें पुढल्या वर्षीं प्रसिद्ध केलें.