घरगुती प्रवाळ मत्स्यालय : निगा आणि नियम

समुद्रातील प्रवाळ, मासे व इतर जीव काचेच्या टाकीत एकत्र जोपासण्याच्या पद्धतीस प्रवाळ मत्स्यालय असे म्हणतात. इंडोनेशियातील ली चिन इंग यांनी जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्या साहाय्याने प्रवाळ जगविण्याची पद्धत 1961 मध्ये मांडली. या छंदाचा पाया त्यातूनच घातला गेला.

प्रवाळ ही वनस्पती नसून प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी अधिक तापल्यास हे सहजीवन मोडते, शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षी असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाले. टाकीतही तोच धोका असल्याने तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस राखावे लागते. उन्हाळ्यात त्यासाठी पंखा किंवा शीतक यंत्र आवश्यक ठरते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन, तांबे व फॉस्फेट प्रवाळांना घातक असतात. म्हणून आरओ यंत्रातून गाळून पूर्णतः क्षाररहित केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळले जाते. क्षारता दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम असावी. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. 200 लिटरच्या टाकीतील 10 लिटर पाणी कमी झाल्यास क्षारता 35 वरून जवळजवळ 37 होते. त्यामुळे ही घट खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावी लागते.

नव्या टाकीत लगेच जीव सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करतात. हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. सांगाडा घडविण्यासाठी प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट शोषून घेतात. कॅल्शियमचे प्रमाण दर लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम असावे. मात्र नेमक्या आकड्यापेक्षा स्थैर्य अधिक महत्त्वाचे असते, कारण अचानक झालेला बदल प्रवाळांना सोसत नाही.

वीज खंडित झाल्यास प्रवाह थांबतो आणि काही तासांतच प्राणवायू कमी पडू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप याकरिता जवळ असणे हिताचे आहे. झोअँथिड गटातील काही जीवांमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. त्यांना हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा. असे जीव चिकटलेले खडक कधीही उकळू नयेत, कारण वाफेबरोबर ते विष श्वासातून शरीरात जाऊ शकते.

भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात, अंदमान-निकोबार व लक्षद्वीप येथे प्रवाळभित्ती आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आढळतात. भित्ती रचणारे प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांना 2001 मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण देण्यात आले. ते समुद्रातून काढणे, विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील सूचीबद्ध जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणीही करावी लागते. त्यामुळे विक्रेत्याकडून जीवाच्या उगमाची कागदपत्रे मागून घेणे आवश्यक आहे.

क्लाउनफिश या माशाच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. नवशिक्यांनी अशा प्रजनित माशांपासून प्रारंभ केल्यास छंदही जोपासला जातो आणि समुद्रातील प्रवाळांनाही धक्का लागत नाही.