काळाराम मंदिराच्या दारावरील पंचवीस स्त्रिया

नाशिक येथील पंचवटीत २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली निघालेली मिरवणूक मंदिरापाशी आली तेव्हा दारे बंद होती; म्हणून ती गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चारही दारांशी सत्याग्रहींची पहिली तुकडी बसली. तीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. या दुसऱ्या आकड्याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

हा सहभाग आकस्मिक नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले होते. परंतु दारावर बसणे ही गोष्ट स्त्रीच्या बाबतीत पुरुषाइतकी सोपी नव्हती. पाणी, दळण, चूल व मुले ही कामे कोणाकडे तरी सोपविल्यावाचून तिला घराबाहेर पडता येत नसे. आणि ती कामे बहुधा दुसऱ्या स्त्रीवरच पडत. तेव्हा दारावरील प्रत्येक स्त्रीमागे घरात राहिलेली आणखी एखादी स्त्री उभी होती, असे अनुमान करण्यास हरकत नसावी. ती तर २५ या आकड्यातही नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. त्या मंदिरात सवर्ण स्त्रियांस मज्जाव नव्हता. दारावरील स्त्रियांस अडविले ते जातीमुळे. इतिहासाच्या नोंदींत मात्र त्या मागे पडल्या त्या स्त्री असल्यामुळे. नेत्यांची भाषणे, ठराव व पत्रव्यवहार यांची नोंद राहिली. ९ एप्रिल १९३० रोजी रामनवमीच्या रथावरून झालेल्या संघर्षाचीही नोंद राहिली. ज्यास ‘घटना’ म्हणावे, तेवढेच कागदावर उतरले. जेवण रांधणे, निरोप पोहोचविणे, घर सांभाळणे यांस कोणी घटना मानले नाही. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो १९८९ साली. म्हणजे पंचवटीच्या सत्याग्रहानंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

सत्याग्रह काही वर्षे चालूनही दारे उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात हरिजन मंदिर-प्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५६ साली हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा अधिक व्यापक कायदा आला. कोणत्याही वर्गाच्या वा विभागाच्या हिंदूस प्रवेशास अटकाव करू नये, असा त्याचा आशय आहे. हा कायदा अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचे फळ होय. परंतु साठ वर्षांनी, शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांस असलेल्या बंदीविरुद्ध विद्या बाळ प्रभृतींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा आधार घेतला गेला तो याच कायद्याचा. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा आदेश दिला. तरीही दुसऱ्याच दिवशी तेथे गेलेल्या स्त्रियांस अडविण्यात आले; प्रवेश मिळाला तो ८ एप्रिलला.

या दोन प्रसंगांतील संबंध स्पष्ट आहे. एका वर्गाने स्वतःसाठी मागितलेला हक्क दुसऱ्या वर्गाच्याही उपयोगी पडला. मात्र कायद्यात तो साठ वर्षे असूनही स्त्रियांना तो स्वतंत्रपणे मागावा लागला. याचे कारण कायद्यातील उणीव नव्हे. दैनंदिन व्यवहारात स्त्रीची गणना ‘सर्व’ या शब्दात सहसा केली जात नाही, हे ते कारण होय. म्हणून विषमतेवरील उपायही दुहेरी हवा. कायद्याचा अंमल ही शासनाची जबाबदारी आहे. घरातील श्रमांची वाटणी व त्या श्रमांची गणना ही समाजाची.

यांत इतिहास-संशोधकाचाही वाटा आहे. त्या पिढीतील स्त्रिया आता हयात असण्याचा संभव फारच थोडा. त्यांच्या मुली, सुना व नाती यांच्या आठवणी दुय्यम प्रतीच्या साधनांत मोडतात, आणि त्या पारखूनच घ्याव्या लागतील. तरी नाशिक व परिसरातील गावांतून हे काम विद्यार्थ्यांनी अजूनही हाती घ्यावे. कोण दारावर बसले, किती दिवस बसले आणि त्या काळात घर कोणी सांभाळले, हे तीन प्रश्न प्रत्येक घरी विचारण्याजोगे आहेत. त्यांतील तिसरा प्रश्न आजवर फारसा विचारला गेलेला नाही.